आज्ञा आणि बळ : लहान स्टेपर मोटारीसाठी ट्रान्झिस्टरचा परिपथ

इतिहास शिकविणाऱ्याने विजेच्या परिपथावर लेख लिहावा, याचे आमच्या माजी विद्यार्थ्यांना कदाचित नवल वाटेल. परंतु निवासी शाळेत शिक्षकाचा विषय तासिकेपुरताच असतो. सायंकाळच्या अभ्यासिकेत मुले जे काही पुढ्यात आणून ठेवतात, तोच त्या वेळचा विषय होतो. अशाच एका सायंकाळी नववीच्या मुलांनी एक लहानशी मोटार, एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि पुठ्ठ्याची एक तबकडी आमच्यासमोर ठेवली. विज्ञान प्रदर्शनासाठी अभ्यासिकेच्या भिंतीवरचे घड्याळ आपल्या हातांनी करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता.

त्या घड्याळाने आम्हांस दोनदा धडा दिला. पहिल्यांदा बोर्डाची एक पिन जळाली. आणि बोर्ड तर आमच्याकडे एकच होता. दुसऱ्यांदा घड्याळ चालू लागले, पण दिवसाला सात मिनिटे पुढे जाऊ लागले. दोन्ही वेळी दोष यंत्राचा नव्हता. कागदावरचा एक आकडा आम्ही न पाहता वापरला होता आणि दुसरा न पडताळता मानला होता. ज्यांची मुले आज असे प्रयोग करू पाहतात त्या पालकांना, आणि पुढे अशा कामात पडलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना, ही सारी मांडणी क्रमाने सांगावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

मोटारीची ओळख

साधी मोटार वीज मिळताच फिरू लागते आणि वीज तोडल्यावरही थोडी फिरत राहते. आपण किती फिरलो, हे तिला ठाऊक नसते. स्टेपर मोटार पावलापावलाने चालते. तिच्या वेटोळ्यांना ठरावीक क्रमाने वीज दिली, तर प्रत्येक वेळी ती ठरावीक कोनातूनच पुढे सरकते. म्हणून काटा किती सरकला हे कळण्यासाठी काटा पाहावा लागत नाही; दिलेली पावले मोजली की पुरे.

आमच्या हाती होती ती २८बीवायजे-४८ या नावाने बाजारात मिळणारी पाच व्होल्टची मोटार. वातानुकूलन यंत्रातून येणाऱ्या हवेची दिशा बदलणाऱ्या पट्ट्या हलविण्यासाठी हिचा वापर होतो. हिच्या पोटात फिरणारे कायम चुंबक आणि त्याभोवती दोन वेटोळी असतात. प्रत्येक वेटोळ्याच्या मधोमध एक तार काढलेली असते आणि या दोन्ही मधल्या तारा एकत्र जोडून लाल रंगाची एकच तार बाहेर येते. उरलेल्या चार तारा म्हणजे वेटोळ्यांची टोके : निळी व पिवळी एका वेटोळ्याची, गुलाबी व नारिंगी दुसऱ्याची. लाल तारेला धन पाच व्होल्ट द्यावयाचे आणि चारपैकी जे टोक ऋण बाजूस जोडावे, ते अर्धे वेटोळे जागे होते.

मल्टिमीटर लावून पाहिल्यास लाल तार आणि कोणतीही रंगीत तार यांच्यामध्ये सुमारे ५० ओहम रोध दिसतो. निळी व पिवळी यांच्यामध्ये सुमारे १०० ओहम दिसतो. पण मुलांनी निळी व गुलाबी यांच्यामध्ये मोजले, तेव्हाही १०० च आले आणि ती गोंधळली. कारण सरळ आहे. दोन्ही वेटोळ्यांचे मध्य आतून जोडलेले असल्यामुळे कोणत्याही दोन रंगीत तारांमध्ये दोन अर्धी वेटोळी एकापाठोपाठ येतात. म्हणून कोणती तार कोणाची जोडीदार, हे या मोटारीत रोध मोजून कळत नाही; ते माहितीपत्रकावरून किंवा मोटार फिरवूनच ठरवावे लागते.

पिन किती देऊ शकते

आता ओहमचा नियम लावू. विभवांतर ५ व्होल्ट, रोध ५० ओहम. म्हणून एका अर्ध्या वेटोळ्यातून जाणारी विद्युतधारा ५ भागिले ५०, म्हणजे ०.१ अँपिअर अथवा १०० मिलिअँपिअर.

आमच्या बोर्डावर, म्हणजे आर्डुइनो उनोवर, एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याच्या एका पिनेसाठी ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा सांगितलेली आहे. येथे मुलांची, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही, एक समजूत चुकते. ४० हा आकडा 'येथवर खुशाल चालवा' असे सांगत नाही. 'याच्यापुढे गेल्यास चिपचे नुकसान होऊ शकते' असे सांगतो. रोजच्या कामासाठी २० च्या आतच राहावे, हे शहाणपणाचे. शिवाय सर्व पिना मिळून चिपमधून २०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक धारा जाता कामा नये.

मोटार १०० मागते आणि पिनेची रोजची कुवत २० ची आहे. आम्ही त्या सायंकाळी मोटारीच्या तारा थेट पिनांना जोडल्या. मोटार किंचित थरथरली, थांबली आणि एक पिन कायमची निकामी झाली. एक भागाकार आधी केला असता, तर ती वाचली असती.

ट्रान्झिस्टर म्हणजे पाटाचे दार

उसाला पाणी देणारा शेतकरी पाटाचे पाणी आपल्या बळाने ढकलीत नाही. तो फक्त दारे धरतो. हाताच्या लहानशा श्रमाने फळी वर उचलतो आणि पाणी आपल्या ओघाने वाहू लागते. ट्रान्झिस्टर हे असेच दार आहे. मायक्रोकंट्रोलरची पिन हा दारे धरणाऱ्याचा हात, आणि मोटारीची १०० मिलिअँपिअर धारा हा पाटाचा ओघ. आज्ञा एकाने द्यावी, बळ दुसऱ्याने पुरवावे आणि दोहोंच्या मध्ये ट्रान्झिस्टर असावा, एवढेच या परिपथाचे मर्म.

इतिहासाच्या तासात आम्ही सांगतो, की १९४७ च्या डिसेंबरात, म्हणजे आपला देश स्वतंत्र होऊन चार महिने झाले असताना, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. विल्यम शॉक्ली यांच्यासह या दोघांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी हे काम काचेच्या नळ्यांतील व्हॉल्व्ह करीत, आणि ते तापण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडे.

आपल्या कामासाठी एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर घ्यावा. त्याला तीन पाय असतात. एमिटर ऋण बाजूस जोडावा. कलेक्टर मोटारीच्या एका रंगीत तारेस जोडावा. बेस हा रोधकामधून, म्हणजे दुकानात आपण मागतो त्या रेझिस्टरमधून, मायक्रोकंट्रोलरच्या पिनेस जोडावा. अशी चार तारांसाठी चार दारे. मोटारीची लाल तार मात्र थेट धन पाच व्होल्टला.

बेसच्या रोधकाचे गणित

बेसमध्ये किती धारा सोडावी? ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकात त्याची गुणकशक्ती दिलेली असते. बेसमधील धारेच्या कितीपट धारा कलेक्टरमध्ये वाहील, हे तिच्यावरून कळते. बीसी ३३७ या ट्रान्झिस्टरच्या प्रतवारीनुसार ही संख्या शंभरापासून सहाशेच्या पुढेपर्यंत आढळते. यावरून कोणी म्हणेल, की शंभर पट असेल तर १०० मिलिअँपिअरसाठी बेसला १ मिलिअँपिअर पुरे.

येथेच चूक होते. ती संख्या दार अर्धवट उघडे असतानाची असते. आपणांस दार पूर्ण उघडे हवे आहे. अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरवर दोनएक व्होल्ट अडून राहिले, तर मोटारीला तीनच मिळतात आणि अडलेल्या विजेची उष्णता होऊन ट्रान्झिस्टर तापतो. तो पूर्ण उघडला, की त्याच्यावर व्होल्टचा लहानसा अंशच उरतो आणि तो गारच राहतो. म्हणून गुणकशक्ती कितीही छापलेली असो, स्विच म्हणून वापरताना ती फक्त २० आहे असे धरून चालावे. कारागीर मंडळी कधी १० सुद्धा धरतात. या उदारपणाने काही बिघडत नाही, कंजूषपणाने बिघडते.

तेव्हा बेसची धारा १०० भागिले २०, म्हणजे ५ मिलिअँपिअर. इतकी धारा देताना पिनेवर सुमारे ४.८ व्होल्ट मिळतात. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सुमारे ०.८ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ४ व्होल्ट रोधकावर पडतात. म्हणून रोध ४ भागिले ०.००५, म्हणजे ८०० ओहम. बाजारात ८०० चा रोधक सहसा मिळत नाही. ६८० आणि ८२० मिळतात. आम्ही ६८० घेतला. त्याने बेसला सुमारे ५.९ मिलिअँपिअर मिळतात. एका वेळी दोन पिना चालू असल्या तरी एकूण भार १२ मिलिअँपिअरच्या आत राहतो. रोधकावर खर्च होणारी शक्ती पाव वॅटच्या कितीतरी खाली असल्याने साधा, लहान रोधक चालतो.

आणखी एक लहान रोधक विसरू नये. बोर्ड सुरू होताना किंवा पुन्हा सुरू केला जात असताना पिना काही क्षण अधांतरी असतात. त्या ना उघडण्याची आज्ञा देतात, ना मिटण्याची. अशा वेळी दार आपोआप उघडू नये म्हणून बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावावा. त्यातून जाणारी धारा नगण्य आहे.

कोणता ट्रान्झिस्टर घ्यावा

शाळांच्या प्रयोगपेट्यांत बहुधा बीसी ५४७ असतो. त्याची कलेक्टरची कमाल धारा १०० मिलिअँपिअर आहे. आपली मोटारही तेवढीच मागते. पुष्कळ जण तो वापरतात आणि मोटार फिरतेही. पण ओझे उचलण्याची शेवटची सीमा गाठलेल्या माणसावर रोज तेवढेच ओझे लादावे, असा तो व्यवहार आहे. बीसी ३३७ ची मर्यादा ८०० मिलिअँपिअर आहे आणि तो तितकाच स्वस्त व लहान आहे. आम्ही तोच निवडला. बीसी ३३७ आणि बीसी ५४७ यांच्या पायांचा क्रम सारखाच असतो : सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या वेष्टनातील २२२२ या ट्रान्झिस्टरमध्ये मात्र हा क्रम प्रकारागणिक उलटा आढळतो. म्हणून डाग देण्यापूर्वी माहितीपत्रक पाहावे.

हेन्री यांचा धडा

आता या परिपथातील सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वाधिक वेळा गाळला जाणारा घटक. अमेरिकेतील अल्बनी येथील शाळेत जोसेफ हेन्री नावाचे शिक्षक होते. गरीब घरात जन्मलेला हा मुलगा लहानपणी एका घड्याळजीकडे उमेदवारी करीत होता. पुढे शिकवण्याच्या कामातून सवड काढून, बहुतेक सुटीच्या दिवसांत, त्यांनी विद्युतचुंबकांवर प्रयोग केले. लांब वेटोळ्यातून वाहणारी धारा तोडली असता तुटल्या जागी ठिणगी उडते, हे त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. वेटोळे आपल्यातील धारेचा बदल सहजासहजी मान्य करीत नाही. यालाच आपण स्वयंप्रवर्तन म्हणतो आणि त्याच्या एककास हेन्री यांचेच नाव आहे. इंग्लंडमध्ये त्याच काळात मायकेल फॅरडे हे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध घेत होते. तेही लोहाराचे पुत्र आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. बांधावयास आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले.

शेतातील लांब पाइपलाइनमधून पाणी वेगाने वाहत असताना झडप झटक्यात बंद केली, तर पाइपाला दणका बसतो आणि कधी सांधा फुटतो. वेटोळ्याचे तसेच आहे. ट्रान्झिस्टर मिटताच वेटोळ्यातील धारेला वाट उरत नाही, आणि ती वाट काढण्यासाठी वेटोळे स्वतःच मोठे विभवांतर निर्माण करते. समजा, वेटोळ्याचे प्रवर्तन ३० मिलिहेन्री आहे आणि ०.१ अँपिअर धारा दहा मायक्रोसेकंदांत शून्यावर आली. तर ०.०३ गुणिले ०.१ भागिले ०.००००१, म्हणजे ३०० व्होल्ट होतात. बीसी ३३७ ची सहनशक्ती आहे ४५ व्होल्टची. पाच व्होल्टच्या खेळण्यात तीनशे व्होल्ट कोठून आले, असा प्रश्न मुले विचारतात. उत्तर हेच, की ते बाहेरून आले नाहीत. झटक्यात तोडल्यामुळे आतच उपजले.

उपाय साधा आहे. प्रत्येक कलेक्टरपासून धन पाच व्होल्टकडे एक डायोड लावावा. डायोडवरील पट्टीची बाजू धन पाच व्होल्टकडे आणि दुसरी बाजू कलेक्टरकडे ठेवावी. मोटार चालू असताना डायोड गप्प असतो. ट्रान्झिस्टर मिटताच वेटोळ्यातील धारेला त्याच्यातून परतीची वाट मिळते, आणि कलेक्टरवरील विभवांतर पाच व्होल्टच्या थोडे वर जाऊन थांबते. कोठेही मिळणारा १एन ४००७ डायोड आमच्या संथ मोटारीस पुरतो. डायोड उलटा लागला, तर मात्र ट्रान्झिस्टर उघडताच धन आणि ऋण यांच्यात सरळ मार्ग तयार होतो व काहीतरी जळतेच. म्हणून वीज देण्यापूर्वी चारही पट्ट्या एकाच बाजूस आहेत ना, हे दुसऱ्या विद्यार्थ्याने पाहावे, असा नियम आम्ही केला.

तयार चिप आणि तिची किंमत

एवढा खटाटोप कशासाठी, यूएलएन २००३ नावाची तयार चिप मिळते की, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तिच्या सोळा पायांत सात ट्रान्झिस्टर-जोड्या, त्यांचे बेसचे रोधक आणि संरक्षक डायोड, सारे आतच असते. एका जोडीची क्षमता ५०० मिलिअँपिअर आहे. नवव्या पायाला धन पाच व्होल्ट जोडले, की आतले डायोड कामास लागतात. हा पाय मोकळा सोडणे ही नेहमीची चूक आहे.

या जोडीची कल्पना सिडनी डार्लिंग्टन यांची; तिचे एकस्व त्यांना १९५३ मध्ये मिळाले. एका ट्रान्झिस्टरने दुसऱ्याचा बेस चालवावयाचा, म्हणजे गुणकशक्तींचा गुणाकार होतो आणि पिनेवर एक-दीड मिलिअँपिअरचाच भार पडतो. पण फुकट काही मिळत नाही. अशी जोडी पूर्ण उघडल्यावरही तिच्यावर सुमारे ०.९ व्होल्ट अडून राहतात. मोटारीला ५ ऐवजी ४.१ व्होल्ट मिळतात आणि धारा १०० ऐवजी ८२ मिलिअँपिअर होते. मोटारीचा जोर साधारणपणे धारेच्या प्रमाणात असल्यामुळे तोही तितकाच उतरतो. हलक्या काट्याला हे चालेल. कुवतीच्या काठावर चालणाऱ्या यंत्राला चालणार नाही. चिप वापरावी, पण आधी एकदा चार ट्रान्झिस्टर हाताने जोडून पाहावेत. मग चिपच्या आत काय आहे हे कळते आणि ती बिघडली तर कोठे पाहावे हेही कळते.

वीज कोठून द्यावी

दोन अर्धी वेटोळी एका वेळी चालू असताना मोटार २०० मिलिअँपिअर घेते. ही वीज बोर्डावरून न घेता पाच व्होल्टच्या वेगळ्या चार्जरवरून घ्यावी, म्हणजे मोटारीच्या धक्क्यांनी मायक्रोकंट्रोलर मध्येच पुन्हा सुरू होत नाही. मोटारीच्या वीजपुरवठ्यालगत १०० मायक्रोफॅरडचा संधारित्र, म्हणजेच कपॅसिटर, लावावा. वीजपुरवठे वेगळे असले तरी दोघांची ऋण तार एकमेकांस जोडलेलीच पाहिजे. ती जोडली नाही, तर पिनेतून निघालेल्या धारेला परतण्यास मार्ग राहत नाही आणि आज्ञा पोहोचतच नाही. 'सगळे बरोबर आहे, पण मोटार हलत नाही', अशी तक्रार आली, की आम्ही प्रथम ही तार पाहतो.

पावलांचा क्रम

जोर हवा असेल तेव्हा एका वेळी दोन तारा चालू ठेवाव्यात :

पहिले पाऊल : निळी व गुलाबी
दुसरे पाऊल : गुलाबी व पिवळी
तिसरे पाऊल : पिवळी व नारिंगी
चौथे पाऊल : नारिंगी व निळी

आणि पुन्हा पहिल्यापासून. क्रम उलटा चालविला, की मोटार उलटी फिरते. एका वेळी एकच तार, म्हणजे निळी, गुलाबी, पिवळी, नारिंगी, अशीही चाल आहे. तीत जोर कमी, पण वीजही निम्मी लागते. या दोन चाली आलटून पालटून गुंफल्या, तर अर्धी पावले मिळतात. दोन पावलांमध्ये तीन ते पाच मिलिसेकंदांचा अवकाश ठेवावा. घाई केली तर चुंबक मागे राहते, मोटार गुणगुणते पण फिरत नाही, आणि पावले मोजण्याचा सारा हिशेब खोटा ठरतो.

आमच्या घड्याळाचा काटा हलका होता. म्हणून आम्ही एका वेळी एकच तार चालू ठेवली आणि मिनिटाची पावले पूर्ण होताच चारही तारा बंद केल्या. दात्यांच्या घर्षणाने काटा जागेवर राहतो आणि मोटार तापत नाही.

दाते मोजले तेव्हा

आता सात मिनिटांची गोष्ट. आतले चुंबक ३२ पूर्ण पावलांत एक फेरी करते. माहितीपत्रकात दातेरी चाकांचे गुणोत्तर ६४ दिलेले होते. म्हणून ३२ गुणिले ६४, म्हणजे २०४८ पावलांत बाहेरचा दांडा एक फेरी पूर्ण करील, असे आम्ही मानले. मिनिटकाटा थेट दांड्यावर बसविला होता. वेळेच्या ठोक्यासाठी डीएस ३२३१ ही अचूक घड्याळ-चिप लावली होती. बोर्डावरील सिरॅमिक कंपकावर त्या कामासाठी विसंबून चालत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळच्या घंटेला काटा सात मिनिटे पुढे होता. मुले आज्ञावलीत चूक शोधू लागली. ती सापडेना.

शेवटी जुनी, निकामी झालेली एक मोटार उघडून आम्ही दाते मोजले. चाकांच्या चार जोड्या निघाल्या : ३२ ला ९, २२ ला ११, २६ ला ९ आणि ३१ ला १०. चौघांचा गुणाकार केला तर २५७९२ भागिले ४०५, म्हणजे सुमारे ६३.६८४ येतो, ६४ येत नाही. म्हणजे एका फेरीची पावले २०४८ नसून सुमारे २०३७.९ आहेत. आम्ही दर तासाला दहा पावले जास्त देत होतो. दहा पावले म्हणजे जवळजवळ १८ सेकंद. चोवीस तासांचे सात मिनिटे आणि वर नऊ सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाचा दोष कागदावर तंतोतंत उतरला, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते आम्हांस प्रदर्शनातील क्रमांकापेक्षा मोलाचे वाटते.

दुरुस्ती प्राथमिक शाळेतल्या हातच्याने झाली. एका मिनिटाची पावले म्हणजे ८२५३४४ भागिले २४३००. भाग ३३ येतो आणि बाकी २३४४४ उरते. दर मिनिटाला ३३ पावले द्यावयाची आणि ही बाकी हातच्यात मिळवावयाची. हातचा २४३०० किंवा त्याहून अधिक झाला, की एक पाऊल अधिक देऊन हातच्यातून २४३०० वजा करावयाचे. दशांश चिन्ह कोठेही येत नाही, म्हणून चूकही साचत नाही. एकच सावधगिरी : मिळवणी झाल्यावर हातचा ४७ हजारांच्या पुढे जाऊ शकतो, आणि या बोर्डावरील साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२७६७ आहे. म्हणून हातच्यासाठी मोठ्या पूर्णांकाचे खाते उघडावे.

इतर उत्पादकांच्या मोटारींत दाते वेगळे असू शकतात. म्हणून आमचा आकडाही तसाच उचलू नये. दांड्याला कागदी काटा लावून शंभर फेऱ्यांची पावले द्यावीत आणि काटा मूळ खुणेवर आला की नाही, ते पाहावे. छापील कागदाने ६४ सांगितले. आम्ही आता ६३.६८४ सांगत आहोत. दोन्ही सांगणी सारखीच तपासावयाची आहेत.

स्वाध्याय

१. मायक्रोकंट्रोलरची पिन ५ ऐवजी ३.३ व्होल्ट देत असेल, तर बेसला ५ मिलिअँपिअर धारा मिळावी म्हणून रोधक किती ओहमचा घ्याल? बाजारात मिळणारे जवळचे मूल्य कोणते?

२. १२ व्होल्टवर चालणाऱ्या एका मोटारीच्या अर्ध्या वेटोळ्याचा रोध ६० ओहम आहे. कलेक्टरची धारा काढा. तिच्यासाठी बीसी ५४७ का चालणार नाही?

३. मोटारीची वीज १२ व्होल्ट आणि बोर्डाची ५ व्होल्ट असताना डायोडची पट्टी कोणत्या बाजूस जोडाल, आणि का?

४. अर्ध्या पावलांनी चालविल्यास आमच्या मोटारीच्या एका फेरीस किती पावले लागतील? मिनिटाचा हातच्याचा हिशेब नव्याने मांडा.

आमचे जे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, रेल्वेत, दुरुस्तीच्या दुकानांत अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, त्यांनी या पाठातील उणिवा आम्हांस अवश्य कळवाव्यात. आणि शक्य झाल्यास निकामी झालेल्या मोटारी टाकून न देता शाळेकडे पाठवाव्यात. पुढच्या नववीला दाते मोजावयाचे आहेत.